पाऊल चुकलेला समीक्षक

एकोणसाठाव्या वर्षी माझे पाऊल चुकले. तेही भर मंडपात, सबंध गावासमोर आणि सासुरवाडीची चार माणसे नेमकी पहिल्या रांगेत बसलेली असताना. वाचकांनी उगीच कान टवकारू नयेत. चुकले ते हरिपाठाच्या पावलीत चुकले. सगळी रांग उजवे पाऊल पुढे टाकून मृदंगाकडे चालली होती आणि मी एकटा डावे पाऊल मागे घेत आमच्या मेहुण्यांकडे चाललो होतो. 'आमच्या ह्यांचं या वयात पाऊल चुकलं' ही बातमी आमच्या कुटुंबाने दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत अशा काही सुरात सांगितली, की दोघीतिघींनी तिचे सांत्वन केले आणि दळणाच्या रांगेत तिला पुढे सोडले.

त्याआधी मी कधी पाऊल टाकलेच नव्हते, त्यामुळे ते चुकण्याचा प्रश्न नव्हता. मी टीका करीत असे. तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले. आणि हळद कांडणारा जसा आपोआप पिवळा होतो तसा मराठी शिकवणारा आपोआप समीक्षक होतो. दिवाळी अंकांतून पुस्तकांची परीक्षणे लिहिली. 'कवीचे हे पहिले पाऊल दमदार आहे, परंतु ते अजून स्थिरावलेले नाही' असली वाक्ये डझनावारी लिहिली. ज्या ज्या कवींना उद्देशून ती लिहिली त्यांची मी या ठिकाणी जाहीर क्षमा मागतो. पाऊल स्थिरावणे म्हणजे काय असते याची मला तेव्हा सुतराम कल्पना नव्हती.

संतवाङ्मयावर तर माझा विशेष अधिकार. ओवीचे चरण, अभंगाचे चरण, त्यांची अक्षरे, त्यातले यमक हे सगळे मी फळ्यावर वर्षानुवर्षे मोजून दाखवले. पण 'चरण' या शब्दाचा दुसरा अर्थ पाय असा आहे आणि त्या अभंगांवर माणसे शतकानुशतके पाय टाकीत आली आहेत, ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नाही. माझाच दोष आहे असेही नव्हे. संतांच्या शब्दांवर मराठीत जेवढे लिहून झाले आहे तेवढ्या कागदात आमच्या पाटोदा तालुक्यातल्या सगळ्या किराणा दुकानांच्या पुड्या बांधून होतील. वारीवरही लिहिले गेले, दि. बा. मोकाशी पालखीबरोबर चालत गेले आणि १९६४ साली त्यांचे 'पालखी' आले. पण हरिपाठाला उभा राहिलेला माणूस उजवा पाय नेमका केव्हा उचलतो आणि तो खाली ठेवताना गुडघ्याचे काय करतो, यावर एखाद्या थोर समीक्षकाने चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. ही उणीव भरून काढणे मला भाग आहे. माझी पात्रता एवढीच, की मला पावली येत नाही. समीक्षकाला एवढी पात्रता पुरते अशी आपल्याकडे परंपरा आहे.

आता मी त्या रांगेत गेलो कसा ते सांगतो. दसरा-दिवाळी आटोपली, की आमचे निम्मे गाव मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-सातारा भागात, कुणी पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' होतो. एकट्या माणसाला त्या वहीत पूर्ण किंमत नाही. अर्धा कोयता म्हणतात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली पोरे, शिक्षक आणि त्यांच्याहून निरुपयोगी असे निवृत्त शिक्षक. अशा ओस पडलेल्या गावात मार्गशीर्षात दत्तजयंतीचा सप्ताह येतो. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही; एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहारे लावून. माणसे मोजकी, त्यामुळे त्या दिवसांत आमच्या गावात एकेका म्हाताऱ्याकडे दोन-दोन पहारे असतात.

हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, मध्ये मृदंगी आणि वीणेकरी. त्या संध्याकाळी एका रांगेत आठ आणि दुसरीत सात माणसे भरली. जोडी जमेना. पावलीत जोडी लागते. अर्धा कोयता तिथेही चालत नाही. बुवांनी मंडपावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"सर, उठा."

"मला येत नाही हो, बुवा."

"येणाऱ्यांनीच उठायचं म्हणल्यावर मंडप कशाला घालायचा?"

असे म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात टाळ अडकवले. पुढचे मेहुण्यांनी पाहिलेलेच आहे.

आता मूळ विषयाकडे. आमच्याकडची साधी पावली वर्णन करायला फार सोपी आहे. ठेका आठ मात्रांचा, भजनी. उजवे पाऊल पुढे, डावे त्याच्या जोडीला. मग डावे मागे, उजवे त्याच्या जोडीला. पुढे जाताना कमरेत किंचित वाकायचे, मागे येताना सरळ व्हायचे. हे चालू असताना दोन्ही हातांनी टाळ वाजवायचे, आणि तोंडाने ज्ञानेश्वरांचा हरिपाठ म्हणायचा. कागदावर हे वाचून कोणीही म्हणेल, यात अवघड ते काय? मीही तेच म्हणालो होतो. अवघड हे, की माणसाला दोन हात, दोन पाय आणि एक तोंड असते, आणि या पाच जणांचे आजवर कधी एकत्र बसणे झालेले नसते. माझे हात वेळेवर निघत, पाय उशिरा पोचत आणि तोंड मागच्याच चरणावर रेंगाळत असे. त्यात लय चढते. सुरुवातीला बैलगाडीसारखी संथ असते. चौथ्या-पाचव्या अभंगानंतर गाडी उताराला लागते. रांगा एकमेकींतून आरपार जातात, वळतात, पुन्हा समोर येतात. त्या उतारावर मी सातत्याने समोरच्या माणसाच्या पायावर उभा राहत होतो. आणि हरिपाठ संपल्यावर, रिवाजाप्रमाणे, तोच माणूस माझ्या पाया पडला. ज्या पायांनी मी त्याची बोटे चेचली त्याच पायांवर त्याने डोके टेकले. तीस वर्षांत माझ्या एकाही कवीने असे केले नाही.

रांगांची ही कवायत पाहिली, की मला हैबतबाबा आरफळकरांची आठवण होते. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात आजचे शिस्तीचे रूप दिले ते त्यांनी, आणि ते मूळचे शिंद्यांच्या पदरचे सरदार. दिंड्यांचे क्रम, कोण पुढे, कोण मागे, हे सगळे त्या घडणीतले. फौजेतल्या माणसाने भक्तीला रांग लावली, पण तिचे 'डावा-उजवा, डावा-उजवा' होऊ दिले नाही. हे त्याचे यश. माझ्या पायांनी मात्र त्याचे अगदी तंतोतंत डावा-उजवा केले होते, आणि तेही उलट.

त्याच आठवड्यात डब्लिनहून भाचीचा फोन आला. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिकडे नोकरीला असते. वय एक्केचाळीस, दोन मुले, आणि पाठदुखी आमच्या घराण्यातली. ती म्हणाली, "मामा, मी डान्सच्या क्लासला जाते." मी दचकलो. तर तिथे आयरिश पद्धतीच्या नाचाचा प्रौढ नवशिक्यांसाठी वर्ग असतो. मोठी माणसे संध्याकाळी कामावरून सुटल्यावर जातात आणि लहान पोरांनी शिकायचे पाय चाळिशीत शिकतात. तिने फोन भिंतीला टेकवून मला दाखवले. कमरेपासून वरचा भाग पाहावा तर आमची भाची पोस्टात मनिऑर्डरच्या रांगेत उभी आहे. दोन्ही हात शरीराला चिकटलेले, मान ताठ, चेहरा गंभीर. आणि कमरेखाली मात्र कुणीतरी विस्तवावर उभे केल्यासारखी धांदल! पाय एकमेकांवर कातरीसारखे, बोटे बाहेर वळलेली, टाचा जमिनीला लागू द्यायच्या नाहीत. नवशिक्यांना आधी दोनच गोष्टी घोटाव्या लागतात: 'थ्रीज' आणि 'सेव्हन्स', म्हणजे तीन मोजून टाकायची पावले आणि सात मोजत आडवे सरकायचे. हे दोन आले, की पुढचे रील आणि जिग त्यावरच उभे राहते. स्लिप जिग नावाचा एक प्रकार तर नऊ मात्रांचा असतो. मी तिला म्हणालो, आमच्या आठ मात्रांत मी मरतो आहे, नववी मी कुठून आणू?

"पण मामा, तुमच्या हातांना टाळ तरी आहेत. मला हातांचं काय करावं तेच कळत नाही. आमच्या बाई म्हणतात, हात विसरा. हात विसरायला गेलं की फक्त हातच आठवतात."

हात खाली का, याच्या तिकडे पुष्कळ कथा सांगतात. कुणी म्हणते पाद्र्यांच्या धाकाने, कुणी म्हणते अर्ध्या दारामागे नाचताना बाहेरच्याला कळू नये म्हणून. मला या कथा आपल्याकडच्या स्थळपुराणांसारख्या वाटतात, चवीने ऐकाव्या आणि पुढे जावे. एवढे मात्र नक्की, की १८९३ साली तिथे गेलिक लीग निघाली, भाषेबरोबर नाचही 'आपला' म्हणून सांभाळायचे ठरले, आणि सांभाळता सांभाळता त्याला नियम, परीक्षा, स्पर्धा आणि पोशाख चिकटले. जे सांभाळायचे ठरते त्याचे पुढे असेच होते. भाची सांगते, स्पर्धेच्या मुली कुरळ्या केसांचे टोप घालतात आणि पायमोजे घसरू नयेत म्हणून पोटऱ्यांना डिंक लावतात. मग १९९४ साली डब्लिनला युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेत, मध्यंतराची भरती म्हणून, 'रिव्हरडान्स' नावाचा सात मिनिटांचा नाच झाला. बिल व्हेलनचे संगीत, जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली पुढे, मागे लांबच लांब रांग. गाण्यांची स्पर्धा कोण जिंकले ते लोक विसरले आणि मधली भरती जगभर गेली. भाचीने ती फीत मला पाठवली. मी ती सात वेळा पाहिली, कारण त्या रांगेतला प्रत्येक पाय एकाच क्षणी पडत होता आणि मला आमच्या रांगेतला सोळावा माणूस आठवून गहिवर येत होता.

दोन्ही कलांची तुलना केल्याशिवाय समीक्षकाला झोप लागत नाही, म्हणून करतो. आयरिश पाऊल जमिनीशी भांडते. त्याला वर जायचे असते. जमीन म्हणजे फक्त उडी मारण्याची सोय. पावलीला वर जायचेच नसते. तिचा सगळा ओढा खाली, गुडघा सैल करून वजन जमिनीत सोडण्याकडे. म्हणून आयरिश नाच शिकणाऱ्या प्रौढाची पोटरी भरून येते आणि पावली शिकणाऱ्याचा गुडघा. हे शेवटचे विधान मी अनुभवाने करतो. दत्तजयंती झाल्यावर मी इरेला पेटलो. तीन महिने रोज पहाटे माळवदावर एकटाच पावली घोटली. मोजीत. 'एक दोन तीन चार' असा, पी.टी.च्या मास्तरांसारखा. पायांकडे पाहत. पाऊल आपटीत. फाल्गुनात उजवा गुडघा एवढा सुजला, की बीडच्या डॉक्टरांनी विचारले, "पडलात का?" मी म्हणालो, "नाही, भजन केलं." त्यांनी चिठ्ठीवर काय लिहिले ते मला वाचता आले नाही.

या काळात मी स्वतःची एका वाक्यावर समजूत काढीत असे: 'भाव महत्त्वाचा, पाऊल कसे का पडेना.' हे वाक्य मंडपात पुष्कळांच्या तोंडी असते आणि ऐकायला फार गोड लागते. समीक्षक म्हणून मी आता त्याच्या विरोधात आहे. भाव महत्त्वाचा हे खरे. पण पाऊल चुकत असते तेव्हा डोक्यात भाव नसतो, पाऊल असते. मी सबंध हरिपाठात देवाचे नाव कानांनी एकदाही ऐकले नाही. मला ऐकू येत होते फक्त 'उजवा, उजवा, अरे उजवा'. ज्याचे पाऊल चोख पडते त्यालाच ते विसरण्याची चैन परवडते. पोहायला न येणाऱ्याने पाण्याच्या गारव्याबद्दल बोलू नये.

पाडव्याच्या आसपास कारखान्यांचा पट्टा पडला आणि माणसे परत आली. त्यात नाना आले. नाना आमच्या रांगेचे पुढचे टाळकरी. वय माझ्याएवढेच, पण तीसेक हंगाम ऊस तोडलेला माणूस. त्यांच्या कानावर माझी कीर्ती गेलीच होती. हनुमानजयंतीचा सप्ताह तोंडावर, आणि मी रांगेत यायचे म्हणत होतो. ते एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, करून दावा."

मी केले. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमी पाय टाकताय कामून? पाय ठेवायचा असतो."

मी वहीत लिहून घेतले. 'टाकणे' आणि 'ठेवणे' या क्रियापदांतला हा फरक मी तीस वर्षे कुणाला शिकवला नव्हता.

"आन् खाली बघू नका. आमी मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढतो, तव्हा पायाकडं बघतो का? बघितलं की मोळी गेली, मानूस बी गेला. फळी पायानीच बघायची. गुडघा ढिला सोडायचा. फळी लवती, तिच्यासंगं लवायचं. ताठला की फेकून देती."

मी थोडा वेळ गप्प झालो. उसाची मोळी, अरुंद फळी, रात्री-बेरात्री भरायचा ट्रक. त्यावरून हा माणूस तीस हंगाम चढला, आणि त्या चढण्याने शिकलेले पाऊल दर चैत्रात मंडपात आणून ठेवत होता. आम्ही खाली बसून 'नाना रंगले बरं का' म्हणत होतो. रंगले होतेच. पण ते पाऊल रंगण्यातून आलेले नव्हते.

नानांनी माझा अभ्यासक्रम उलटा केला. पहिले तीन दिवस टाळ काढून घेतले, नुसते पाय. मग पाय बंद, खाली बसून नुसते टाळ. मग दोन्ही, पण तोंड बंद. तोंड शेवटी. आणि मोजायचे नाही. "मोजाया मुकादम हाये," नाना म्हणाले. मोजण्याऐवजी मृदंगाचे डावे तोंड ऐकायचे. त्या तोंडाला कणीक मळून लावलेली असते, त्यामुळे त्याचा आवाज भरीव, खर्जातला येतो. उजव्या तोंडावर बोटे कितीही नाचू देत. वजन सोडायचे ते या धूमवर. शेजाऱ्याच्या पायाकडे पाहून पाऊल टाकले तर ते कायम अर्ध्या मात्रेने मागे राहणार, कारण आधी तो टाकणार, मग मी बघणार. कानाने टाकले तर दोघांचे एकदम पडते. पावले लहान घ्यायची. मी वितभर पुढे जात होतो तिथे चार बोटे पुरतात. एवढे केल्यावर गुडघा आठ दिवसांत उतरला. डॉक्टरांच्या गोळ्या अजून शिल्लक आहेत.

आमच्या घरात तोवर आणखी एक घटना घडली होती. गावात महिला हरिपाठ मंडळ निघाले. पूर्वी आमच्याकडे बायका मंडपात एका बाजूला बसून ऐकत. आता त्या स्वतः टाळ घेऊन रांग धरतात, आणि ही अलीकडच्या काळातली पावलीतली सर्वांत चांगली घटना आहे असे माझे मत आहे. ते मत मी मंडळाच्या पहिल्याच दिवशी दिले. अकराव्या दिवशी कुटुंबाला पावली आली. तेव्हापासून ते मत मी जरा सावरून देतो. एकदा माळवदावर माझी तालीम पाहून ती म्हणाली, "अहो, तुम्ही पुस्तक वाचता तसं नाचता. दर ओळीला थांबून." एवढे नेमके परीक्षण माझ्या हातून आयुष्यात झाले नाही.

आता टीकेचा भाग. दोन गोष्टींवर लिहिणार आहे; कुणाला राग आला तर त्याने माझे पाऊल पाहून जावे, राग जाईल.

पहिली गोष्ट कर्ण्यांची. मंडपाच्या दोन्ही टोकांना माणसाच्या उंचीचे ध्वनिक्षेपक लावायचे आणि मृदंगासमोर माइक धरायचा, ही आता सगळीकडची रीत. आवाज मोठा होतो यात शंका नाही. पण आवाजाला शंभर फूट जायला सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो. म्हणजे रांगेच्या टोकाच्या माणसाला जवळच्या पेटीतून एक धूम ऐकू येते आणि लांबच्या पेटीतून तीच धूम मागाहून पोचते. संथ लयीत हे खपते. लय चढली, की कोणत्या धूमवर पाय ठेवावा? निम्मी रांग पहिल्यावर ठेवते, निम्मी दुसऱ्यावर, आणि बघणारे म्हणतात, हल्लीच्या पोरांना ताल नाही. ताल आहे, दोन आहेत. हनुमानजयंतीला मी सभाच घेतली आणि हरिपाठापुरत्या पेट्या बंद ठेवायला सांगितले. मंडपवाला म्हणाला, भाडे तेवढेच पडेल. मी म्हणालो, गप्प बसण्याचेही भाडे आम्ही देऊ.

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या पावलीची. एकसारखी धोतरे, एकसारखे फेटे, पंचवीस तरुण पोरे, मोबाइलवर मिनिटभरात मावेल अशी पावली. मी ती पुष्कळ पाहिली, आणि आधी श्रेय देतो: पाऊल स्वच्छ आहे. यातली बरीच पोरे रीतसर शिकून येतात. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेपासून ही शिकण्याची परंपरा आहे, आणि शिकलेला पाय लपत नाही. बसकण, गिरकी, एकदम उसळून पुन्हा टाळावर येणे, सगळे पाहण्यासारखे. पण पाहण्यासारखेच. एक तर ती पोरे सारखी वर उडतात. डब्लिनला जायचे असल्यासारखी. दुसरे म्हणजे ती समोरच्या रांगेकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात. पावलीला प्रेक्षक हा मुळात समोरच्या रांगेतला माणूस असतो. तो आपल्याला पाहतो, आपण त्याला. आणि तिसरे, जे मला खरे बोचते, ते हे की त्या पंचविसांत सोळावा माणूस नाही. जोडी जमत नाही म्हणून उठवलेला, डावा-उजवा न कळणारा, चष्मा सावरणारा. त्याला घेतला तर बक्षीस जाते. त्याला घेतला नाही तर पुढच्या मार्गशीर्षात, गाव ओस पडलेले असताना, रांग कोणाची उभी करायची? हा प्रश्न परीक्षकांच्या गुणपत्रिकेत नसतो. तसा तो पूर्वी माझ्याही गुणपत्रिकेत नसे.

भाचीच्या देशात यावर एक तोड आहे. तिथे स्पर्धांत प्रौढांचा वेगळा गट असतो. भाची त्यात उतरली. मी फोन करून विचारले, "कितवी आलीस?"

"तिसरी."

"वा!"

"तिघीच होतो, मामा. पण सेव्हन्समध्ये एकदाही मोजलं नाही. पायच गेले."

मी तिला म्हणालो, इकडे आमच्या नानांना कळव, ते पेढे वाटतील.

हनुमानजयंतीच्या सप्ताहात पाचव्या संध्याकाळी माझेही पाय गेले. त्याआधीच्या चार संध्याकाळींविषयी लिहीत नाही. चार संध्याकाळी समोर कुटुंबाचे मंडळ बसलेले होते एवढे सांगून पुरे. पाचव्या दिवशी पेट्या बंद होत्या. नाना रांगेत नव्हते. यंदाच्या हंगामात त्यांची कंबर धरली होती. ते बुवांना म्हणाले, मी वीणा घेतो. तीसेक वर्षे पुढच्या जागी असलेला माणूस मध्ये वीणा घेऊन उभा राहिला आणि त्यांच्या जागी बुवांनी मला सरकवले. ती जागा मोकळी झाली म्हणून मला मिळाली, हे मला टाळ गळ्यात घालताना चांगले ठाऊक होते.

मृदंगावर थाप पडली. पहिले दोन अभंग मी पाय ठेवीत होतो. मग लय चढली, रांग रांगेतून गेली, वळली, पुन्हा समोर आली, आणि कधीतरी माझ्या लक्षात आले, की मी म्हणतो आहे. नुसता तोंडाने म्हणत होतो, आणि ते शब्द मला ऐकू येत होते. जे शब्द तीस वर्षे मी खडूने अधोरेखित केले, त्यांचा चरण संपतो तिथे माझा पाय खाली येत होता आणि पुढचा सुरू होतो तिथे उचलला जात होता. कुणीतरी फार पूर्वी हे असे बेतून ठेवले होते आणि मी फळ्यावर अक्षरे मोजत बसलो होतो. घाम डोळ्यांत गेला म्हणून चष्मा काढून खिशात टाकला. समोरचा माणूस मला धूसर दिसत होता, तरी त्याच्या पायावर मी एकदाही उभा राहिलो नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. हरिपाठाला लागतो तेवढाच गेला असणार.

संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडले. मी वीणेकऱ्यापुढे वाकलो. नाना वीणा सांभाळीत एका हाताने मला उठवू लागले. मी अजून धापा टाकत होतो. परीक्षण ऐकण्यासाठी इतका अधीर मी पूर्वी कधी झालो नव्हतो. आपल्या पुस्तकाचे पान उघडताना कवींचे काय होत असेल ते मला त्या क्षणी कळले.

"नाना, कसं झालं?"

नानांनी थोडा विचार केला.

"चढले असते, सर," ते म्हणाले. "ट्रकात चढले असते. मोळी पडली असती."